छोटी टू-स्ट्रोक एटीव्ही बिघडली? कार्बोरेटरला शेवटी हात लावा

लोह्यात, नांदेड-लातूर रस्त्यावर माझं गॅरेज आहे. वर्षभर फवारणीचे पंप, जुन्या एम-८०, कुणी जीव लावून ठेवलेली आरएक्स १०० अशी कामं असतात. माळेगावच्या खंडोबाची यात्रा जवळ आली की लेकरांना चकरा मारायला ठेवतात त्या ४९ सीसीच्या एटीव्ही, म्हणजे हँडलच्या छोट्या चारचाकी गाड्या, टेम्पोत भरून येतात. अलीकडं कृषी पर्यटनवाल्यांकडच्याही येतात. यातल्या बऱ्याच गाड्यांचा कार्बोरेटर माझ्याकडं येण्याआधीच कुणीतरी खोललेला असतो. स्क्रूच्या खाचा गेलेल्या, जेट (पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा) तारेनं कोरून मोठा झालेला. खरा दोष निघतो प्लगमध्ये नाहीतर टाकीतल्या पेट्रोलमध्ये. आता त्या गाडीत दोन बिघाड झाले, एक मूळचा आणि एक नव्यानं केलेला. हे टळावं म्हणून मी ज्या क्रमानं बघतो तो क्रम लिहितोय.

इंजिन कोणतं ते आधी सांगतो. एक सिलिंडर, हवेवर थंड होणारं, दोरी ओढून चालू होणारं, रेस दिली की क्लच आपोआप धरणारं, पुढं चेन. ८०-९० सीसीच्या टू-स्ट्रोक गाड्यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू आहे. या इंजिनात फोर-स्ट्रोकसारखं खाली ऑइल भरलेलं नसतं. पेट्रोलमध्ये मिसळलेलं टू-टी ऑइल हेच त्याचं वंगण. पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी पिस्टनखालच्या क्रँककेसमध्ये येतं आणि पिस्टन खाली येताना तिथून वर सिलिंडरमध्ये ढकललं जातं. म्हणजे क्रँककेस हा इंजिनाच्या श्वासाचाच भाग आहे. फोर-स्ट्रोकचं क्रँकचं सील गेलं तर खाली तेल गळतं. टू-स्ट्रोकचं गेलं तर बाहेरची हवा आत शिरते आणि पिस्टन जळतो. एवढं लक्षात ठेवलं की पुढचं समजायला सोपं जाईल.

पाना हातात घेण्याआधी

हँडलवरचं लाल बटण चालूवर आहे का? लेकराच्या मनगटाला किंवा कमरेला बांधायची दोरी असते, तिची क्लिप जागेवर आहे का? पेट्रोलचा कॉक उघडा आहे का? इंजिन गार असेल तर चोक ओढलाय का? गरम असेल तर चोक सोडलाय का? यात्रेच्या गर्दीत बंद पडलेल्या गाड्यांपैकी कितीतरी फक्त ती क्लिप सरकल्यानं बंद पडतात.

मग पेट्रोल. पाळण्याशेजारी गाड्या लावणारे एक मामा दोन गाड्या घेऊन आले होते.

"मामा, पेट्रोल कधीचं हाय?"

"पोळ्याला भरलं होतं. निम्मं तसंच हाय."

टाकीच्या तळाचं पेट्रोल पारदर्शक काचेच्या बाटलीत काढून त्यांच्यासमोर ठेवलं. थोडा वेळ हलवलं नाही. वर निळसर पेट्रोल, कारण टू-टीला रंग असतो, आणि खाली बोटभर गढूळ, बिनरंगाचा थर. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. पावसाळाभर अर्धवट भरलेली टाकी उभी राहिली, झाकणातून पाणी झिरपलं, की एका मर्यादेनंतर पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळे होतात आणि तळाला बसतात. कॉक तळालाच असतो, म्हणजे इंजिनात आधी तेच जातं. त्या थरात टू-टी जवळजवळ नसतं. अशा पेट्रोलवर गाडी चालू झालीच तर वंगणाशिवाय फिरते, आणि न झालेलं परवडलं अशी वेळ येते.

म्हणून महिन्याच्या वर उभं राहिलेलं मिश्रण वापरू नका. टाकी पूर्ण रिकामी करा, कार्बोरेटरच्या वाटीखालचा ड्रेन स्क्रू असेल तर तोही ढिला करून आतलं काढा, ताजं भरा. निम्म्या तक्रारी इथंच मिटतात.

मिश्रणाचं प्रमाण गाडीच्या पुस्तकात असेल तेच पाळा. या छोट्या ४९ सीसीला बहुतेक वेळा २५ला १ सांगितलेलं असतं, म्हणजे एका लिटरला ४० मिली. ५०ला १ म्हणजे २० मिली. बाटलीच्या झाकणानं अंदाजे ओतू नका. मेडिकलमध्ये सिरिंज मिळते, तिनं मोजा. ऑइल हवेवर थंड होणाऱ्या टू-स्ट्रोकचंच घ्या, डब्यावर जासो एफसी किंवा एफडी लिहिलेलं. मोटारसायकलचं २०डब्ल्यू-४० यात चालत नाही. ते जळून राख आणि कार्बन सोडतं. आणि "थोडं जास्त टाकलं तर बरंच" असंही नाही. ऑइल वाढलं की जेटमधून जाणाऱ्या प्रत्येक थेंबात पेट्रोल तेवढं कमी होतं. प्लग काळा होतो, सायलेन्सर चोंदतो आणि मिश्रणही पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं.

प्लग काढा आणि नीट बघा

या इंजिनाला काय होतंय ते प्लगइतकं स्पष्ट दुसरं काही सांगत नाही. काढण्याआधी भोवतालची माती फुंकून टाका, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडेल. आमच्याकडची काळी माती वाळली की पीठ होते, आणि ते पीठ बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, घासतं.

टोक कॉफीच्या रंगाचं, कोरडं असेल तर मिश्रण ठीक आहे. काळं आणि ओलं असेल तर पेट्रोल येतंय पण जळत नाही. करंट कमजोर, चोक अडकलेला, हवा गाळणारा फोम चोंदलेला किंवा ऑइल जास्त, यातलं एक. काळं पण कोरडं, काजळीसारखं, म्हणजे पेट्रोल जास्त. पांढरंफट्ट, कडेला बारीक मणी वितळल्यासारखे दिसले तर तिथंच थांबा. मिश्रण पातळ आहे, इंजिन तापतंय, अजून चालवलं तर पिस्टन धरेल, म्हणजे सिलिंडरमध्ये जाम होईल. आणि भरपूर दोरी ओढूनही प्लग कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोल पोहोचतच नाही.

रंग वाचायची एक पद्धत आहे. गाडी जागेवर स्लोला, म्हणजे रेस न देता, फडफडत ठेवून काढलेला प्लग नेहमी काळाच दिसतो, त्यावरून काही ठरवू नका. नवा प्लग लावा, मोकळ्या जागेत पूर्ण रेसवर थोडं अंतर पळवा, रेस न सोडता लाल बटणानं इंजिन बंद करा, मग काढून बघा. खरा रंग तोच.

टू-स्ट्रोकमध्ये आणखी एक प्रकार घडतो. कार्बनचा केसाएवढा तंतू प्लगच्या दोन टोकांमध्ये अडकतो आणि प्लग शॉर्ट होतो. चालती गाडी खटकन बंद, काही बिघडलेलं दिसत नाही. उजेडाकडं धरून फट बघितली की तो तंतू दिसतो. फट ०.६ ते ०.७ मिलिमीटर हवी. फिलर गेज नसेल तर एक्सा ब्लेडची जाडी साधारण तेवढीच असते, ते पातं अलगद सरकलं की झालं. घासून साफ केलेल्या प्लगवर माझा फारसा भरवसा नाही. नवा प्लग स्वस्त आहे. खिशात एक असावाच.

करंट

प्लग टोपीत घाला, त्याची धातूची बाजू सिलिंडर हेडला टेकवा आणि दोरी ओढा. प्लगच्या भोकापासून लांब टेकवा, कारण आतून पेट्रोलची वाफ फुंकली जाते आणि ठिणगीनं ती पेटते. उन्हात ठिणगी दिसत नाही, सावलीत जा. निळी, टचटच आवाजाची ठिणगी चांगली. पिवळी, बारीक, मधेच चुकणारी असेल तर दाबाखाली ती पडणारच नाही. टोपी हवेत मोकळी ठेवून दोरी कधी ओढू नका, कॉइल आतून फुटते.

ठिणगीच नसेल तर कॉइल बदलायची घाई करू नका. लाल बटण आणि दोरीची क्लिप दोन्ही एकच काम करतात, कॉइलची एक वायर बॉडीला टेकवून करंट बंद करतात. इंजिनाजवळ त्या वायरचं कनेक्शन सोडवा आणि परत ओढा. करंट आला तर कॉइल चांगली, बटणात पाणी गेलंय किंवा वायर कुठंतरी सोलून चॅसीला लागतेय. यात्रेतल्या गाड्या रोज धुतल्या जातात, त्यामुळं हे फार वेळा सापडतं. तपासून झाल्यावर ते कनेक्शन परत जोडायलाच हवं. बटण न चालणारी गाडी लेकराच्या हातात देता येत नाही.

तरीही करंट नाही, तर टोपी पिळून काढा, वायरचं टोक थोडं कापून परत बसवा. मग कॉइल आणि क्रँकवर फिरणाऱ्या मॅग्नेटमधलं अंतर बघा, ०.३ ते ०.४ मिलिमीटर असावं. मधे व्हिजिटिंग कार्ड ठेवायचं, मॅग्नेट कॉइलला ओढून घेतं, तसंच धरून स्क्रू आवळायचे आणि कार्ड काढून घ्यायचं. गंजलेला मॅग्नेट बारीक पॉलिश पेपरनं पुसा. एवढं करून काही नाही तर कॉइल गेली.

करंट चांगला, पेट्रोल ताजं, तरी इंजिन उलट झटका देतं, दोरी हातातून हिसकावते किंवा सायलेन्सरमधून फटाके वाजतात, असं असेल तर मॅग्नेट क्रँकवर सरकलाय. त्याला जागेवर धरणारी की तुटली की टायमिंग बिघडतं. मॅग्नेट काढून बघितल्याशिवाय कळत नाही. तो पुलरनंच काढा, हातोडा मारू नका.

पेट्रोल येतंय का

कार्बोरेटरकडं जाणारी नळी काढून बाटलीत सोडा. धार सलग यायला हवी. आधी येते आणि मग थेंब थेंब होते, तर टाकीचं झाकण ढिलं करून बघा. धार परत सुरू झाली म्हणजे झाकणातलं हवेचं भोक बुजलंय. गाडी दहा-पंधरा मिनिटं छान चालते, बंद पडते, थोडा वेळ थांबलं की परत चालते, ही तक्रार बहुतेक त्या भोकाची असते. सुईनं मोकळं करा. झाकण ढिलं करूनही धार बारीकच असेल तर कॉक किंवा फिल्टर चोंदलाय.

सारखी दोरी ओढून इंजिन पेट्रोल प्यालं असेल तर कॉक बंद करा, चोक सोडा, प्लग काढा, रेस पूर्ण धरून दोरी भराभर ओढा. तोंड प्लगच्या भोकासमोर आणू नका. विडी-काडी लांब.

कार्बोरेटर

इथवर सगळं ठीक निघालं, तरच कार्बोरेटर. वाटी काढा, गाळ बघा. दोन जेट असतात. स्लोचा बुजला तर गाडी चोकवरच चालते, चोक सोडला की बंद. मेन जेट बुजला तर स्लोला ठीक, रेस दिली की गुदमरते. जेट काढून कार्बोरेटर क्लीनर मारा, हवा मारा, उजेडाकडं धरून भोक पूर्ण गोल दिसतंय का बघा. तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक वाढतं आणि मग गाडी कशानंच सेट होत नाही. वाटीतून पेट्रोल गळत असेल तर फ्लोटच्या सुईला खाच पडलीय किंवा तिच्याखाली कचरा आहे. हवेचा स्क्रू काढण्याआधी तो पूर्ण आत जायला किती आटे लागतात ते लिहून ठेवा. परत लावताना तिथूनच सुरुवात करायची.

फोम साबणाच्या पाण्यानं धुवा, पूर्ण वाळवा, थोडं ऑइल चोळून पिळून काढा. फोम काढून गाडी चालवणारे खूप आहेत, "पिकअप वाढतो" म्हणतात. मिश्रण पातळ होतं, इंजिन चढल्यासारखं वाटतं, आणि धूळ सरळ बोअरमध्ये जाते. नांगरलेल्या रानातून फोमशिवाय चालवलेल्या इंजिनाची रिंग एका हंगामातच संपते.

बाहेरची हवा आत शिरणं

ही सगळ्यात महाग पडणारी तक्रार, आणि तिला लोक कार्बोरेटरची समजतात. लक्षणं अशी. रेस सोडली तरी इंजिन खाली येत नाही, चढंच राहतं. स्लो कधी वर, कधी खाली. गार असताना बरी, तापली की वेगळीच. प्लग पांढरा. मालक स्लोचा स्क्रू ढिला करत जातो, गाडी शांत वाटते, आणि एक दिवस पूर्ण रेसवर पिस्टन जाम होतो.

हवा शिरते ती कार्बोरेटर आणि सिलिंडरमधल्या पॅकिंगमधून, तडकलेल्या प्लास्टिकच्या मॅनिफोल्डमधून, सिलिंडरखालच्या पॅकिंगमधून किंवा क्रँकच्या दोन बाजूंच्या ऑइल सीलमधून. शोधायला बरेच जण पेट्रोल शिंपडतात. तापलेल्या इंजिनावर ते करू नका. घरात झाडांवर पाणी मारायची फवारणीची बाटली घ्या. इंजिन स्लोला चालू ठेवून एकेका जोडावर पाणी मारा, फक्त प्लगची टोपी आणि फोम सांभाळा. जिथं पाणी मारल्याबरोबर इंजिनाचा आवाज बदलतो, तिथून हवा शिरतेय. पॅकिंग नवं घाला, जुन्यावर सिलिकॉन थापू नका, पेट्रोलनं ते फुगून सुटतं आणि तुकडा आत जातो. नट एकदम एका बाजूनं न आवळता थोडे थोडे दोन्हीकडून आवळा.

मॅग्नेटच्या बाजूचं सील गेलं तर मॅग्नेटमागं ओलसर, तेलकट धूळ चिकटलेली दिसते. गिअरबॉक्स ऑइलमध्ये असलेल्या ८०-९० सीसीच्या गाडीत दुसऱ्या बाजूचं सील गेलं तर इंजिन गिअर ऑइल ओढतं. दाट पांढरा धूर, जळक्या ऑइलचा वास, आणि खाली गळती नसताना गिअर ऑइल कमी. सील बदलताना क्रँकच्या शाफ्टवर खाच पडलीय का ते बोटाच्या नखानं बघा. नख अडकलं तर नवं सीलही टिकणार नाही.

इंजिन आपोआप चढत चाललं आणि बटणानंही बंद होईना, तर चोक पूर्ण ओढा. हवेची वाट बंद झाली की ते बसतं. गाडी चालवायला देणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असलंच पाहिजे.

रीडची पातीही (मिश्रण आत घेणारी, परत जाऊ न देणारी पातळ झडप) इथंच बघून घ्या. कार्बोरेटरच्या तोंडातून पेट्रोल बाहेर फुंकलं जात असेल तर पात्याचा कोपरा तुटलाय किंवा ते बसत नाही. काढून उजेडासमोर धरा, फटीतून उजेड दिसायला नको. तुटलेला तुकडा सापडेपर्यंत इंजिन फिरवू नका.

कॉम्प्रेशन आणि सायलेन्सर

गेज असेल तर प्लगच्या जागी लावा, रेस पूर्ण उघडी धरा आणि काटा वर जायचा थांबेपर्यंत दोरी ओढा. १०० पीएसआयच्या वर असेल तर छान. ८० च्या खाली गेलं की चालू व्हायला रडतं, तापल्यावर तर होतच नाही. गेज नसेल तर प्लगच्या भोकावर अंगठा घट्ट दाबा, दोरी ओढताना तो उडायला हवा. कॉम्प्रेशन कमी असेल तर भोकातून टू-टीचे चार-सहा थेंब सोडून परत बघा. वाढलं तर रिंग-बोअर झिजलेत. नाही वाढलं तर हेडचं पॅकिंग किंवा पिस्टनलाच भोक.

सायलेन्सर काढून आत बघा. एम-८० वापरलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. गाडी चालू होते, स्लोला ठीक, पण चढण सोडा, सपाटीवरही ओढत नाही, असं असेल तर धूर जायची वाट कार्बननं बुजलीय. सिलिंडरचं एक्झॉस्टचं भोकही साफ करायचं. पिस्टन वर आणा, म्हणजे त्याच्या बाजूनं ते भोक झाकलं जातं आणि खरवडलेला कार्बन आत पडत नाही. लाकडाच्या काडीनं खरवडा. स्क्रूड्रायव्हरनं पिस्टनला ओरखडा पडतो.

पिस्टन धरला तर

चालता चालता इंजिन जड होऊन थांबलं आणि दोरी हलेना, तर जोर लावू नका. गार होऊ द्या. गार झाल्यावर मोकळं झालं तरी लगेच चालू करू नका. सायलेन्सर काढून त्या भोकातून पिस्टन बघा. उभे ओरखडे दिसले तर सिलिंडर काढावा लागणार. पिस्टन नुसता बदलून भागत नाही. तो का धरला ते आधी शोधा, नाहीतर नवाही तसाच जाईल. कमी ऑइल, पातळ मिश्रण, गळकं सील, आणि चिखलानं बुजलेल्या पंख्या. काळ्या चिखलाचा थर सिलिंडरच्या पंख्यांमध्ये वाळला की हवा लागतच नाही. मे महिन्यात चाळीसच्या वरच्या उन्हात अशी गाडी फार वेळ टिकत नाही.

नवं किट बसवताना पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडं. रिंगची तोंडं पिस्टनच्या खाचेतल्या बारीक पिनवर बसलीच पाहिजेत, नाहीतर रिंग पोर्टमध्ये अडकून तुटते. गजन पिनच्या (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणारी पिन) क्लिपा नव्याच घाला. त्या बसवताना क्रँककेसच्या तोंडावर स्वच्छ फडकं कोंबा, क्लिप आत पडली तर सगळं इंजिन खोलावं लागतं. पहिल्या दोन टाक्या पूर्ण रेस नाही, एकाच रेसवर सलग नाही, मधे मधे गार होऊ द्यायचं.

शेवटी गाडी स्लोला ठेवून मागची चाकं वर उचला. चाकं स्वतःहून जोरात फिरत असतील तर स्लो जास्त आहे किंवा क्लचची स्प्रिंग तुटलीय, दोन्हीपैकी जे असेल ते दुरुस्त करा. मग इंजिन चालू असताना दोरीची क्लिप ओढून काढा. इंजिन त्याच क्षणी बंद पडलं, तरच गाडीवर लेकरू बसवा.